जमील, जमाल, जमीला आणि कोडची भाषा

"एआय कोड लिहून देतं, मग आता आम्ही कोणती भाषा शिकायची?" गेल्या वर्षभरात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणारी बहुतेक मुलं चिखली, खामगाव, बुलढाण्याला डिप्लोमा नाहीतर बीसीए करणारी. त्यात आपल्या समाजातली मुलं-मुलीही आता बऱ्यापैकी आहेत, ही आनंदाची गोष्ट. काहींचे आई-वडील कर्ज काढून फी भरतात, त्यामुळे प्रश्न हौसेचा नसतो. दोन वर्षे चुकीच्या भाषेत घालवली तर घराला ती परवडणारी नसतात.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे बाजारात आहेत. पहिले उत्तर असे की कुठलीच शिकू नका, इंग्रजीत सांगा, यंत्र लिहील. आंद्रेय कार्पाथी या नामवंत एआय संशोधकाने जानेवारी 2023 मध्ये इंग्रजी हीच आता सर्वांत जोरात असलेली प्रोग्रामिंग भाषा आहे, अशा अर्थाचे एक वाक्य टाकले होते, ते अजून फिरते. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यानेच 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला. कोड वाचायचाच नाही, फक्त सांगत जायचे आणि चालतंय का ते बघायचे, असा त्याचा मतलब. दुसरे उत्तर असे की एआयला जी उत्तम येते ती घ्या, म्हणजे पायथन, किंवा आता टाइपस्क्रिप्ट. गिटहबच्या 2025 च्या अहवालानुसार त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये टाइपस्क्रिप्टने पायथन आणि जावास्क्रिप्ट दोघांनाही मागे टाकले. त्यात प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगून ठेवावा लागतो, त्यामुळे यंत्राने केलेली गडबड लवकर सापडते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. पण ती देणारी माणसे मोठ्या कंपन्यांतली आहेत. उंद्रीत बसून, पाच-सहाशे ओळींचा, गावातल्याच माणसांसाठीचा प्रोग्राम एआयकडून लिहून घेताना मला जे दिसले ते जरा वेगळे आहे.

काम साधे होते. घरातल्या सगळ्या कागदांवर माणसाचे नाव कसकसे लिहिले आहे ते एका जागी मांडायचे आणि कुठे जुळते, कुठे जुळत नाही ते दाखवायचे. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, मतदार यादी, सातबारा. ज्यांना आपल्याकडची नावे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात आपली नावे 'शेख जमील शेख कलीम' अशी असतात. मुलाच्या आधी शेख, बापाच्या आधीही शेख. शाळेतल्या गुरुजींनी मराठी पद्धतीने तेच 'जमील कलीम शेख' केले. वर्तमानपत्रात आणि जुन्या यादीत ते 'शे. जमील शे. कलीम' होते. इंग्रजीत शेखच्या चार-पाच स्पेलिंगा. ऑनलाइन फॉर्मला पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने हवे असतात, तिथे कधी 'शेख' पहिले नाव होते आणि 'कलीम' आडनाव. बायकांच्या नावापुढे कुठे 'बी' लागते, कुठे गळते. 'अझीम' मराठी शाळेत झ-ने, हिंदी कीबोर्डवर ज-खाली नुक्ता देऊन, आणि रेशन कार्डावर सरळ 'अजीम'. माणूस एकच.

पूर्वी यावर हसून सोडून देता येत होते. बिहारमध्ये जून 2025 मध्ये मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले आणि 2003 च्या यादीत नाव आहे की नाही यावर कागद द्यायचे की नाही हे ठरू लागले. नोव्हेंबर 2025 पासून तेच 12 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाले, त्यात मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड, गोवा हे आपले शेजारीही होते. तेव्हापासून आपल्याकडे लोक ट्रंकेतले कागद काढून बघू लागले. बघितल्यावर काय करायचे, हा पुढचा प्रश्न. आधारवरचे नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. कुणी तरी चुकीचा सल्ला दिला, गरज नसताना एक बदल करून घेतला, की एक संधी गेली. म्हणजे 'हे नाव जुळते' किंवा 'हे जुळत नाही' असे प्रोग्रामने म्हणणे ही छोटी बाब नाही.

आता भाषेकडे येतो. मी एआयला काम मराठीतच समजावून सांगितले आणि भाषा कोणती ते सांगितले नाही. त्याने पायथन निवडली. दुसऱ्या टूलला सांगितले, त्याने वेबसाइट बांधायला घेतली, जावास्क्रिप्टमध्ये, आणि त्यासाठी आधी इंटरनेटवरून ढीगभर लायब्ऱ्या उतरवायला सांगितल्या. आमच्या सेवा केंद्रातल्या जुन्या विंडोजच्या मशीनवर आणि इथल्या नेटवर ते काम दिवसभर पुरले असते.

पायथन एआयला इतकी का आवडते? ज्या भाषेत जगाने जास्त लिहून ठेवले ती त्याला जास्त येते, एवढेच कारण. या यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी ओपनएआयने 2021 मध्ये जी प्रसिद्ध प्रश्नपत्रिका काढली तिच्यातले 164 च्या 164 प्रश्न पायथनचे होते. ज्या विषयाचा पेपर, त्याच विषयाचा अभ्यास. आपल्या भाषांचेही तसेच आहे. ही यंत्रे मजकुराचे तुकडे पाडून वाचतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि पैसे टोकनांवर लागतात. मे 2024 मध्ये नवे मॉडेल आणताना ओपनएआयनेच दाखवले होते की मराठीतल्या एका नमुना परिच्छेदाला आधी 96 टोकन लागत, ते आता 33 वर आले. सुधारणा मोठी आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तोपर्यंत मराठीत बोलणारा माणूस त्याच गोष्टीसाठी जवळपास तिप्पट मोजत होता. आपल्या आई-वडिलांनी मुलाला उर्दू शाळेत घालायचे की मराठी, हे ठरवताना जो हिशेब केला, तोच इथे आहे. ज्या भाषेला बाजार आहे ती भाषा स्वस्त पडते.

तर पायथनचा प्रोग्राम दहा मिनिटांत तयार झाला. चालला. सुंदर दिसत होता. माझा भाचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शेजारी बसून नावे टाकत होता. 'शेख जमील', 'शेख जमाल', 'शेख जमीला' अशी तीन भावंडे टाकली आणि प्रोग्राम म्हणाला, तिन्ही नावे जुळतात. भाचा म्हणाला, "मामू, ये तो तीनों एकच आदमी हो गए!" मग त्याने सलीम, सलाम आणि सलमा टाकून पाहिले. तेही एकच. कलीम आणि कलाम, शकील आणि शकीला, नसीम आणि नसीमा, सगळे एक.

कारण एका ओळीत होते. 'शे.' मधला टिंब, स्वल्पविराम वगैरे काढून टाकायला यंत्राने नेहमीची, हजारो ठिकाणी लिहिली गेलेली ओळ लिहिली होती. तिचा अर्थ असा की जे शब्दातले अक्षर नाही ते पुसून टाका. इंग्रजीसाठी ही ओळ बिनचूक आहे. पण पायथनच्या लेखी मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणे ही शब्दातली अक्षरे नाहीत. म्हणजे जमीलची वेलांटी गेली, जमालचा काना गेला, जमीलाचे दोन्ही गेले आणि उरले 'जमल'. शेखचे 'शख' झाले. आमच्या गावाचे नाव टाकून पाहिले तर 'उंद्री'चे झाले 'उदर'. भाच्याने लगेच 'उंदीर' टाकून पाहिले. त्याचेही 'उदर'च झाले. आधीच नेटवर उंद्री शोधले की पुण्याच्या उंद्रीतले फ्लॅट दाखवतात, त्यात ही भर.

जरा विषयांतर करतो. ज्यांनी मदरशात थोडी सर्फ शिकली आहे त्यांना एक गंमत लक्षात येईल. जमील, जमाल, जमीला हे तिन्ही शब्द अरबीत जीम-मीम-लाम या एकाच धातूचे. सलीम, सलाम, सलमा हे सीन-लाम-मीमचे. म्हणजे यंत्राने चुकून का होईना, नावाचा धातू बरोबर काढला होता. उस्तादांनी शाबासकी दिली असती, पण मतदार यादी धातूवर चालत नाही.

मग तेच काम मी वेगवेगळ्या भाषांत लिहून घेतले. हाच खरा प्रयोग होता. जावास्क्रिप्टमध्ये यंत्राने तशीच ओळ लिहिली, पण तिथे 'शब्दातले अक्षर' म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अधोरेषा. सगळे देवनागरी नावच पुसले गेले, रिकामी जागा उरली आणि गावातला प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येक माणसाशी जुळू लागला. गो या भाषेतही हेच झाले. रस्टमध्ये मात्र तीच ओळ बरोबर चालली, कारण तिथे हे काम करणारी लायब्ररी युनिकोडच्या नियमाप्रमाणे मात्रांनाही शब्दात धरते. जमील जमीलच राहिला.

यावरून कुणी म्हणेल, मग रस्ट घ्या. पुण्यातल्या माझ्या एका मित्राने तेच म्हटले. कोड तुला कुठे लिहायचाय, एआय लिहील, मग सर्वांत कडक आणि बिनचूक भाषा का घेऊ नये? मुद्दा वजनदार आहे. रस्टचा कंपायलर इतका काटेकोर आहे की यंत्राने काही चुकवले तर तोच यंत्राला परत पाठवतो, आणि यंत्र न थकता दुरुस्त करून आणते. माणसाला वैताग आणणारी ही भाषा यंत्राला सोयीची आहे. पण रस्टचा तो प्रोग्राम बरोबर का आहे ते मला वाचून कळत नव्हते. भाच्यालाही नाही. आणि कंपायलर प्रकार तपासतो, जमील आणि जमीला ही दोन वेगळी माणसे आहेत हे त्याला कुणी सांगितलेले नसते. आज बरोबर निघाला, उद्या त्यात एक नियम घालायचा झाला की पुन्हा यंत्राच्याच तोंडाकडे बघायचे.

इथे मला जुनी गोष्ट आठवते. वऱ्हाड निजामाकडे होते तोवर दरबारी कागद फारसीत, हिशेब मोडीत. 1853 मध्ये कारभार कंपनीकडे गेला आणि वरचे कागद इंग्रजीत आले. भाषा बदलत गेली, पण खाली अंगठा लावणाऱ्याला तिन्ही वेळा दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावे लागले. आमच्या घरातही जमिनीचा एक मोडी कागद आहे, त्यात काय आहे हे जो वाचून दाखवील त्याच्यावर विश्वास ठेवण्याखेरीज इलाज नाही. नावांचा निवाडा करणारा प्रोग्राम गावात कुणालाच वाचता येऊ नये, हे मला पटेना. चुकीचे उत्तर आले तर सेवा केंद्रात बसलेल्या पोराला तो उघडून 'हे असे का म्हणाले' ते बघता आले पाहिजे.

म्हणून पायथनच ठेवली. एआयला आवडते म्हणून नव्हे, आम्हाला वाचता येते म्हणून. आणखी एक व्यवहारी कारण होते. नुक्त्याचा 'ज' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा ज आणि नुक्ता असे दोन तुकडे करून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. ते एकसारखे करण्याची सोय पायथनमध्ये आधीपासून आहे, आणि माहिती साठवायचा छोटा डेटाबेसही तिच्यासोबतच येतो. गो आणि रस्टमध्ये नुक्त्याच्या कामासाठी बाहेरची लायब्ररी जोडावी लागते. नेट गेले, लाइट गेली तरी चालणारी, एका फाइलीत मावणारी गोष्ट मला हवी होती.

आणि एक प्रयोग केला जो मी सगळ्या मुलांना करायला सांगतो. यंत्राला सांगितले की नियमांची नावे मराठीत लिही. 2008 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथन देवनागरी नावे स्वीकारते. त्यामुळे आता कोडमध्ये 'टिंब_काढा', 'शे_चे_शेख_करा', 'नुक्ता_जुळवा', 'बी_बाजूला_ठेवा' अशा ओळी आहेत. सेवा केंद्रातल्या पोराने कधी प्रोग्रामिंग केलेले नाही, एमएस-सीआयटी तेवढी झाली आहे. त्याने त्या ओळी वाचल्या आणि विचारले, "भाई, 'बी' बाजूला ठेवली तर हबीबीचं काय होईल?" असा प्रश्न रस्टच्या कोडवर त्याने विचारला असता असे वाटत नाही. (विनोद असा की हीच पायथन 'जमीला' हे नियमाचे नाव म्हणून आनंदाने घेते, पण 'जमीला' हा शब्द फक्त अक्षरांचा बनला आहे का असे विचारले तर नाही म्हणते. दारात सलाम, आत ओळख नाही.)

वेळ कशात गेला ते सांगतो, कारण उत्पादकता म्हणजे शेवटी वेळेचाच हिशेब. कोड लिहिण्यात जेमतेम एक संध्याकाळ. नावांच्या जोड्या जमवण्यात तीन आठवडे. मशिदीसमोरच्या चहाच्या टपरीवर, दोन-तीन बुजुर्गांना विचारून, आम्ही एका वहीत जोड्या लिहिल्या. डावीकडे एक नाव, उजवीकडे दुसरे, पुढे 'एकच' किंवा 'वेगळे'. गफूर आणि गफ्फार वेगळे. इस्माइल आणि इस्माईल एकच. युनूस आणि युनुस एकच. रहीम आणि रहमान वेगळे, आणि असे विचारल्याबद्दल बोलणीही खाल्ली. ही वही हीच आमची टेस्ट. प्रोग्राममध्ये काहीही बदलले की सगळ्या जोड्या पुन्हा तपासल्या जातात आणि एक जरी हलली तरी लाल ओळ येते. यंत्राने स्वतःहून टेस्टा लिहून दिल्या होत्या, पण त्या इंग्रजी नावांच्या होत्या. तिथे मात्राच नाहीत, मग पडणार काय!

जुलै 2025 मध्ये मेटर नावाच्या संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. 16 अनुभवी प्रोग्रामर, 246 कामे, त्यांच्या रोजच्या ओळखीच्या कोडवर. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावर त्यांना मात्र वाटत होते की आपण 20 टक्के लवकर उरकले. अभ्यास छोटा आहे, टूल रोज सुधारतात, सगळीकडे हेच होईल असे कुणी समजू नये. पण भाषा निवडताना 'किती पटकन लिहून झाले' हे वाटणे किती फसवे असते ते त्यातून दिसते. आमचे दहा मिनिटांतले जमीलही तसेच होते.

एक गोष्ट ठासून सांगतो. या सगळ्यात कुणाचा आधार क्रमांक, दाखल्याचा फोटो, खरी यादी एआयच्या खिडकीत टाकलेली नाही. त्याला फक्त बनवलेली नावे दिली. लोकांचे कागद गावातल्या मशीनवरच राहतात आणि काम झाले की पुसले जातात. 'फुकट' टूलमध्ये अख्ख्या मोहल्ल्याची माहिती ओतणारे उत्साही कार्यकर्ते मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, पण ती माहिती पुन्हा गोळा करून आणता येत नाही.

तर मुलांना मी काय सांगतो? एक भाषा अशी शिका की तिच्यात दुसऱ्याने लिहिलेले वाचताना अडखळणार नाही. ती पायथन असेल, टाइपस्क्रिप्ट असेल, घरच्या धंद्याला लागणारी पीएचपी असली तरी माझी हरकत नाही. लिहिण्याचा सराव थोडा कमी झाला तरी चालेल, वाचण्याचा आणि तोडून बघण्याचा वाढवा. आणि पहिली परीक्षा आपल्या गावाच्या, आपल्या आजीच्या नावाची घ्या. 'उंद्री' हा शब्द किती लांब आहे असे पायथनला विचारा, ती 6 म्हणेल. गो आणि रस्ट आपल्या नेहमीच्या मापाने 18 म्हणतील. गावातल्या कुणालाही विचारा, तो दोन म्हणेल. हे तीन आकडे का येतात ते ज्याला समजावून सांगता येईल त्याला नोकरीसाठी माझ्या सल्ल्याची फारशी गरज उरणार नाही.

आमचे काम अजून संपलेले नाही. वहीतले एक पान अडले आहे. जुन्या यादीत 'अ. रज्जाक', 'अ. गनी' अशी नावे आहेत. तिथे 'अ.' म्हणजे अब्दुल, यात शंका नाही. पण 'अ. शकूर अ. हमीद' असे आले की पहिला अब्दुल आणि दुसरा अब्दुलच का, की एखाद्याने अहमद आखडून लिहिले आहे, यावर टपरीवर एकमत झाले नाही. यंत्राला विचारले तर ते बेधडक अब्दुल म्हणते. तूर्त प्रोग्रामला अशा ठिकाणी थांबायला सांगितले आहे. तो पडद्यावर मराठीत विचारतो, 'अ. म्हणजे काय, घरच्यांना विचारा', आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही.